नाखव्याच्या पायाखालचा ठसा

आधीच कबूल करतो, या ग्रुपवर मी आजवर फक्त उचकवायला यायचो. कुणी लिहिलं की माळशेज घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की माझी कमेंट ठरलेली – "साडी सुती होती की सिंथेटिक?" ज्यांची ज्यांची मी खेचलीय त्यांनी आता खुशाल माझी खेचावी. मी उत्तर देणार नाही, कारण माझ्याकडे उत्तर नाहीये.

मी मंदार. डोंबिवली पूर्वेला राहतो, वय बेचाळीस. एमआयडीसीतल्या एका पंपाच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शन बघतो. म्हणजे दिवसभर लोकांनी केलेल्या वस्तूंमधल्या चुका काढायच्या. हा स्वभाव घरी येताना गेटवर ठेवून येता येत नाही असं माझी बायको प्राची म्हणते, आणि ते खरंच आहे.

छंद मात्र जरा वेगळा आहे. मिनिएचर वॉरगेमिंग. बुद्धिबळाच्या प्याद्याएवढे प्लास्टिकचे सैनिक असतात, सुट्या भागांत येतात. ते कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग मोठ्या टेबलावर फासे आणि मेजरटेप घेऊन त्यांची लढाई खेळायची. चाळिशीतले बाप्ये खेळण्यांशी काय खेळता, हे आमच्या सासऱ्यांसकट सगळ्यांचं विचारून झालेलं आहे. पण यातली खरी मजा कन्व्हर्जनमध्ये असते. एकाचं धड, दुसऱ्याचा हात, तिसऱ्याचं डोकं, मधल्या फटी पुट्टीने बुजवायच्या आणि कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नसलेला माणूस तयार करायचा.

आता पुट्टीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. दोन भाग मळून एकत्र केले की ती तासभर मऊ राहते. मग कडक होते, ती कायमची. दुसऱ्या दिवशी नख रोवलं तर नख तुटतं. आणि ती मऊ असताना हाताळताना बोटं ओली ठेवायची असतात, नाहीतर बोटाचे ठसे उमटतात. आमच्या छंदात पुट्टीत राहिलेला ठसा म्हणजे जेवणात निघालेला केस. नवशिक्याची खूण.

नितेशच्या प्रत्येक सैनिकावर ठसा असायचा.

नितेश कोलशेतचा, गावठाणातला कोळी. लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये होता. आठ-नऊ वर्षांपूर्वी ठाण्यात एका खेळाच्या दुकानात ओळख झालेली, आणि मग दर दुसऱ्या रविवारी सकाळी तो बाइकवरून माझ्याकडे यायचा. आमचं जेवणाचं टेबल हेच रणांगण. माझी फौज म्हणजे कडक इस्त्रीतली, प्रत्येक बटण वेगळं रंगवलेलं. त्याची फौज म्हणजे "खाडीवाले". त्याने बाजारातले साधे समुद्री चाचे घेतले, त्यांचे भाले कापून वल्ही दिली, पाठीवर टोपल्या दिल्या, आणि बापाच्या फाटक्या जाळ्याचे खरे तुकडे डिंकात बुडवून त्यांच्या हातात दिले. कल्पना अशी की मी जळायचो. रंगकाम असं की मला बघवायचं नाही. डोळे तिरळे, रंग लोंबलेला, आणि पायाखालच्या चकतीवर – आम्ही तिला बेस म्हणतो – प्लंबर लोक वापरतात ती राखाडी पुट्टी चिखल म्हणून थापलेली, त्यात अंगठ्याचा ठसा. त्याच्या अंगठ्यावर लहानपणी कापल्याची तिरकी खूण होती, ती पण त्या ठशात स्पष्ट यायची.

"नित्या, तुझा माणूस शत्रूने पकडला तर सरळ तुझ्या घरी पोलीस येतील रे," मी म्हणायचो. "सगळे आधारला लिंक आहेत."

"येऊ दे ना. चहा पाजू त्यांना," तो हसायचा. "अरे माझीच पोरं आहेत, माझाच अंगठा असणार ना त्यांच्यावर."

गेल्या वर्षी कल्याणला एका हॉलमध्ये हौशी लोकांनी मिनिएचरचं प्रदर्शन भरवलं. आम्हा दोघांना मिळून एक टेबल मिळालेलं. आणि मी, अतिशहाणा, त्याला म्हणालो की तुझे सैनिक मला महिनाभर दे, मी सगळे पहिल्यापासून नीट करून देतो. ठसे घासतो, रंग काढून परत मारतो. असेच ठेवले तर माझ्या सैनिकांशेजारी बरे दिसणार नाहीत.

तो आधी हसला. मग म्हणाला, "त्यांना हात नाय लावायचा मंदार."

प्रदर्शनाला तो आपली फौज न घेताच आला. दिवसभर माझ्या टेबलामागे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "बघा बघा, बटणं मोजा, एकेक वेगळं रंगवलंय यानं." मला तेव्हा बरं वाटलं होतं. ते आठवलं की आज स्वतःचीच लाज वाटते.

तीन आठवड्यांनी नितेश गेला. सकाळी साडेआठला कामावर निघताना, दारात बूट घालायला खाली वाकला आणि तसाच कलंडला. एकेचाळीसाव्या वर्षी.

तेराव्यानंतर त्याची बायको दर्शना, हिने एक मोठा खोका माझ्या हातात दिला. "भावजी, हे तुम्हीच न्या. आमच्यात कोणाला समजत नाय यातलं." आत सगळे खाडीवाले होते. बत्तीस.

मी ठरवलं की याच्या नावाने एक डाव खेळायचा. ठाण्यातले, कल्याणचे सगळे मित्र बोलवायचे, आणि त्या डावात नितेशची फौज अशी दिसली पाहिजे की लोकांनी बघत राहावं. खोटं नाही सांगत, मनात प्रेमच होतं. पण प्रेमाच्या नावाखाली मी नेमकं तेच करायला घेतलं जे तो जिवंतपणी नको म्हणालेला. तो गेला म्हणजे परवानगी मिळाली असं मी कधी ठरवलं, ते माझं मलाही सांगता येणार नाही.

रंग काढायला आम्ही सैनिकांना एका द्रावणात बुडवून ठेवतो. बरणीत. दोन दिवसांनी जुन्या टूथब्रशने घासलं की सालं निघावीत तसा रंग निघतो. बत्तीसच्या बत्तीस घासले. मग कानस घेऊन बसलो आणि बेसवरचे ठसे घासून सपाट केले, एकेक करून. घासल्यावर टेबलावर राखाडी भुकटी पडायची, ती मी फुंकर मारून उडवायचो. पाच-सहा रविवार सकाळी हेच. प्राची एकदा चहा घेऊन बाल्कनीत आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हे त्याचे राहिलेत का रे आता?" मी म्हटलं, "आता कुठे बघण्यासारखे झालेत."

सगळे रंगवून झाले, फोटो काढले, स्टेटसला टाकले. त्याच दिवशी दुपारी दर्शनाचा फोन आला.

"भावजी, छान केलेत हो. एक मागायचं होतं. त्यातला तो लाल टोपीवाला नाखवा आहे ना, तो बाबांना हवाय."

नाखवा म्हणजे होडीचा मालक, त्या फौजेचा सरदार. लाल कानटोपी, कमरेला रुमाल, खांद्यावर जाळं. नितेशने तो आपल्या वडिलांवरून केलेला, हे मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. ते दर्शनाने सांगितलं.

हिराजीकाकांची, म्हणजे नितेशच्या वडिलांची, नजर काचबिंदूने पाच वर्षांपूर्वी पूर्ण गेली. नितेशने नाखवा बनवला तेव्हा त्यांच्या हातात देऊन सांगितलं होतं, हा तू आहेस. म्हातारा रोज संध्याकाळी तो मागून घ्यायचा, ओट्यावर बसायचा आणि नाखव्याच्या पायाखालच्या ठशात आपला अंगठा ठेवायचा. तो तिरका व्रण त्यांच्याच हातून झालेला. नितेश सहा वर्षांचा असताना काका मासळी कापत होते, पोराने मध्ये हात घातला, कोयती लागली. डॉक्टरकडे नेलं नाही, हळद भरली. काकांनी ते स्वतःला कधी माफ केलं नाही, असं दर्शना म्हणाली.

"खोका भरताना माझ्या लक्षात नाय आलं. मला वाटलं, सगळे एकत्रच असतात. आता रोज विचारतात, माझा नाखवा कुठं गेला. जेवण अर्धं टाकतात. आम्हाला फोटो आहेत भावजी, मोबाइलमध्ये व्हिडिओ आहेत. बाबांना फोटो काय कामाचा?"

मी "आणतो" म्हणालो आणि फोन ठेवला. माणूस जळून गेला होता. त्याच्या अंगठ्याचा जो काही ठसा या जगात एका आंधळ्या बापाच्या कामाचा होता, तो मी कानशीने घासून बाल्कनीतून फुंकून दिला होता.

प्राची म्हणाली, सरळ जा आणि खरं सांग. मी म्हटलं, हो. आणि दुसऱ्या दिवसापासून खोटा ठसा बनवायला बसलो.

काम सुरू करण्याआधी मी प्रत्येक वस्तूचा फोटो काढतो, सवयच आहे. त्यामुळे जुन्या ठशाचा फोटो माझ्याकडे होता. रंगवताना मी बेसवर लावलेली बारीक वाळू आणि गवत काढून टाकलं, तशीच राखाडी पुट्टी आणली, माझा अंगठा दाबून बघितला. माझा अंगठा रुंद. प्राचीचा लहान. मग सुईने रेषा कोरायला लागलो. भिंगाच्या दिव्याखाली चार वेळा कोरला, चारही वेळा तो कोरलेलाच दिसायचा. पाच वर्षं ज्या माणसाचा अंगठा त्या खळग्यात रोज बसतोय, त्याला ते एका क्षणात समजलं असतं. चारही वेळा खरवडून टाकला.

शेवटी शनिवारी सकाळी हात टेकले. बेसवर ताजी पुट्टी साधी थापली, ओल्या बोटाने चिखलासारखी गुळगुळीत केली आणि वाळत ठेवली. ठरवलं की जायचं आणि काय केलं ते तोंडाने सांगायचं.

इथून पुढचं मी नीट, वेळेसकट सांगतो.

रविवारी सकाळी दहाला मी नाखवा उचलला. पुट्टी लावून चोवीस तास होऊन गेले होते. नखाने दाबून बघितली, दगड. भिंगाच्या दिव्याखाली चारही बाजूंनी बघितली, एक खड्डा नाही. प्राचीलाही दाखवली. मग मोबाइलने अगदी जवळून चार फोटो काढले. ते आजही आहेत. दहा वाजून सहा मिनिटं. बेस सपाट.

सैनिक न्यायला आमच्याकडे फोमची पेटी असते, प्रत्येकासाठी वेगळी खाच. त्यात तो एकटा ठेवला, पेटी लॉक केली, बॅगेत घालून बॅग पाठीला लावली. मोठागावचा माणकोली पूल, कशेळी, बाळकुम करत कोलशेत. वाटेत कुठे थांबलो नाही. चहाला पण नाही.

कोलशेतच्या टॉवरांच्या मागे गावठाण अजून आहे. नितेशचं घर खाडीकडच्या टोकाला, ओट्याशेजारी त्यांची जुनी होडी पालथी घातलेली. काका ओट्यावर बसले होते. बारीक झालेले. हाताची बोटं तेवढी पूर्वीसारखी जाड.

"कोन? मंदार क?"

"हो काका."

"आनलास माझा नाखवा?"

मी त्यांच्यासमोर पेटी उघडली. दर्शना दारात उभी होती. मी नाखवा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला, आणि लगेच बोलायला सुरुवात केली, कारण थांबलो असतो तर परत तोंड उघडलं नसतं.

"काका, मला एक सांगायचंय. माझ्या हातून एक चूक–"

"थांब रं."

त्यांची बोटं टोपीवरून फिरली. मग खांद्यावरचं जाळं. मग रुमाल. मग खाली बेस. अंगठा बेसच्या कडेने फिरत नाखव्याच्या पायांपुढे आला आणि थांबला.

मला वाटलं, आता विचारतील. ते विचारेनात. चेहरा सैल पडला त्यांचा. मला वाटलं, बिचाऱ्याला भास होतोय. सवयीच्या जागी अंगठा ठेवलाय आणि सवयीनेच त्याला खळगा लागतोय. मनात म्हटलं, बरंच झालं. एवढा हलकटपणा मी त्या क्षणी केला, तोही लिहून टाकतो. चूक कबूल करायची राहिलीच तर राहू दे, असं वाटून गेलं मला.

मग मी नीट बघितलं. त्यांचा अंगठा बेसवर टेकलेला नव्हता. आत गेला होता.

"काका, जरा बघू..."

त्यांनी अंगठा उचलला. खाली खळगा होता. लांबट गोल, कडेला पुट्टी किंचित वर आलेली, मऊ पुट्टीत बोट दाबल्यावर येते तशी. आत रेषा, एकात एक, आणि त्यांना तिरकी कापत जाणारी एक जाड रेघ.

मी दर्शनाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिच्या दृष्टीने तिथे ठसा होताच ना, पहिल्यापासून. ती आत चहा टाकायला गेली.

मी मोबाइल काढला. पहिले दोन फोटो हलले. तिसरा नीट आला. अकरा वाजून बावन्न मिनिटं. माझ्याकडे दोन्ही फोटो आहेत. वेळ मोबाइलच्या सेटिंगमध्ये बदलता येते, मिनिएचर बदलता येतं, मला सगळं माहितीये. तुमच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं.

मी बेसच्या कडेला नख मारलं. टक् असा आवाज आला. कडक होती. सकाळी होती तशीच.

"वल्ला हाय अजून," काका म्हणाले.

"काय?"

"ठसा. वल्ला हाय. आताच दाबल्यावानी." ते अंगठा परत आत ठेवून अगदी हलके फिरवत होते. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तू घासलावतास ना?"

आत चहाचं आधण उकळत होतं. मग मी "हो" म्हणालो. आणि मग सगळंच सांगितलं – बरणी, कानस, भुकटी, चार वेळा कोरलेला खोटा ठसा. बोलताना मी रडत होतो हे मला नंतर समजलं. नितेशच्या मौतीला मी रडलो नव्हतो.

ते ऐकत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पयला ठसा असा नव्हता," ते म्हणाले. "पयला वरच्यावर व्हता. पोर हसत हसत लावायचा, टिकली लावतान तसा. यो खोल हाय रं. यानं सगला जोर लावलान."

"का पण काका?"

"का म्हंजे? पुसलास म्हनून."

दर्शना चहा घेऊन आली. मी कप बाजूला ठेवला. काकांनी नाखवा माझ्या दिशेने पुढे केला, ठसा माझ्याकडे करून.

"लाव तुझा आंगठा. बघ तुना कसा लागतं."

मी खळग्याकडे बघत होतो. ऊन थेट ओट्यावर आलेलं होतं, त्यामुळे आतली एकेक रेष दिसत होती. काका वाट बघत होते. त्यांच्या आवाजात दम नव्हता की आव्हान नव्हतं. पाहुण्याला पाणी देतात तसं ते म्हणाले होते.

मी अंगठा पुढे केला नाही. "उशीर होतोय काका," म्हणालो, पेटी उचलली आणि निघालो.

घरी येऊन बाकीचे एकतीस बघितले. एकेक भिंगाखाली. सगळे सपाट, मी घासले होते तसेच. ते सगळे मी खोक्यात भरून कुरिअरने कोलशेतला पाठवून दिले. नितेशच्या नावाचा डाव झाला नाही.

स्पष्टीकरणं मी खूप शोधली. द्रावणामुळे जुनी पुट्टी मऊ होऊन आतला ठसा परत वर आला असेल, असं एका मित्राने सुचवलं. पण ती पुट्टी मी शनिवारी नवीन थापलेली, तिने द्रावण बघितलंच नव्हतं. उन्हात पाठीवरच्या बॅगेत ती नरम पडली म्हणावं, तर फोम होता सगळीकडून, आणि फोमला अंगठा नसतो. काकांनीच दाबला असेल, असं प्राचीला वाटत होतं. मग मी तिला तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले: काम सुरू करण्याआधीचा जुना ठसा, रविवारी दहाचा सपाट बेस, आणि अकरा बावन्नचा. पहिल्यातली आणि तिसऱ्यातली तिरकी रेघ एकच आहे. काकांच्या अंगठ्यावर व्रण नाही. प्राचीने तिन्ही फोटो मोठे करून बघितले आणि मोबाइल उलटा ठेवला.

दर्शना अधूनमधून फोन करते. बाबा आता नीट जेवतात, म्हणते. संध्याकाळी नाखवा घेऊन बसतात. ठसा अजून ओलाच लागतो म्हणतात, तिला मात्र कडकच लागतो. आणि प्रत्येक वेळी काकांचा एकच निरोप असतो – मंदारला सांग, ये एकदा.

मी गेलेलो नाही. सात महिने झाले.

इथे कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगतो. साधं होतं, नुसता अंगठा टेकवायचा होता. कडक लागला असता तर म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ म्हणून निम्मं तरी सोडून देता आलं असतं. त्या ओट्यावर भूत वगैरे माझ्या डोक्यातही नव्हतं. नितेश माझ्यावर किती चिडलाय, एवढंच त्या खळग्यात समजणार होतं. आणि नऊ वर्षांत तो माझ्यावर एकदाही चिडला नव्हता.